मामा, तुम्हाला घेता आलं नाही

मामा, तुमच्या शोकसभेत जे बोललं गेलं त्यातलं निम्मं खोटं होतं. उरलेलं निम्मं खरं होतं, पण ते बोलायचा हक्क त्या लोकांना नव्हता. तो माझा होता. म्हणून हे लिहिते आहे.

दिवस-तेरावं करू नका असं तुम्ही बजावून ठेवलं होतं, ते आम्ही पाळलं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या, खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला. शेजारी लाल झेंडा लावावा म्हणून घरभर शोधला, तर सापडला नाही. कोणीतरी कधीतरी मागून नेला होता आणि परत आणून दिला नव्हता. तुमच्या प्रत्येक वस्तूचं तेच झालं. फवारणीचा पंप, शिडी, सायकल. शिडी तर तुमच्या घराची कौलं शाकारायच्या दिवशी तुम्हीच शेजाऱ्याकडं मागायला गेला होतात, आणि त्यानं तुम्हाला दुपारनंतर या म्हणून सांगितलं होतं.

सभेत माजी सरपंच उठले. म्हणाले, “आमच्या कामरेडनं गावाले हक्क शिकोला. काम शिकवाचं तेवढं राहून गेलं बाप्पा.”

लोक हसले. तुमच्या फोटोसमोर बसून हसले. मला राग आला आणि तो दुहेरी होता, कारण हे वाक्य जवळजवळ माझंच होतं. दहा वर्षं मी ते तुम्हाला ऐकवत आले. पण मी तोंडावर ऐकवत होते, जाळीखालच्या शेडनेटमध्ये, हातात कळ्या उघडायचा चिमटा धरून, तुमच्या शेजारच्या ओळीत उभी राहून. तुम्ही उलटून बोलू शकत होतात. सरपंचांनी तुम्ही बोलू शकणार नाही असा दिवस निवडला.

सभा संपली तशी तुमचा विलास माझ्याकडं आला. पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आला होता. म्हणाला, “लताताई, मी काही शेती करायला येणार नाही. शेडनेटची जागा तू घे. एकटीनं घे. बाया रोजानं लाव, जी काम करील तिला ठेव, नाही करणार तिला घरी पाठव. तू तर कायम हेच म्हणायचीस बाबांना.”

खरंच म्हणायचे. रविवारी संध्याकाळी त्याची गाडी होती. तोवर उत्तर दे म्हणाला.

मी घरी आले, भाकरी थापल्या, आणि पहिला विचार मनात आला तो सांगते, लपवत नाही: घ्यावं. मी ते शेडनेट तुमच्यापेक्षा चांगलं चालवलं असतं. तुम्हालाही हे माहीत होतं.

तुम्ही माझे सख्खे मामा नव्हतात. माझं आजोळ आणि सासर एकाच गावात, त्यामुळं लग्न होऊन आले तरी तुम्ही मामाच राहिलात. गाव तुम्हाला कामरेड म्हणायचं, थोडं आदरानं, थोडं थट्टेनं. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही तरुणपणी युनियन चालवली, जिन बंद पडली तेव्हा गावी परत आलात, आणि जे तिथं करता आलं नाही ते इथं करायला घेतलंत. तुमच्या दहा गुंठ्यांवर शेडनेट उभं राहिलं. आम्ही आठ बाया आणि तुम्ही नववे. काम सगळ्यांचं, वाटा सारखा. कोणती ओळ कोणाची, असं काही नाही. सकाळी जी समोर येईल ती ओळ धरायची.

खायचे टमाटे आम्ही पिकवत नव्हतो. बियाण्याच्या कंपनीसाठी बी तयार करायचो. ज्यानं हे काम पाहिलं नाही त्याला ते खेळ वाटतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्यानं उघडायची, तिच्या पोटातला पिवळा भाग न तुटता काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून फुलाखालच्या दोन हिरव्या पाकळ्या खुडायच्या. कळी एका दिवसानं जरी शिळी असली, तरी ती आधीच आपली आपण फळलेली असते. मग वरून कितीही पराग लावा, खूण करा, फळ अगदी चांगल्यासारखं दिसतं आणि बी निघतं भेसळीचं. कंपनी त्यातलं थोडं पेरून बघते. भेसळ जास्त निघाली तर सगळ्यांचा माल परत. एकीची चूक, नऊ जणांची मेहनत माती.

अशा कामात ओळींवर नावं हवीत, हे मी पहिल्या हंगामापासून म्हणत होते. तुमचं उत्तर ठरलेलं.

“लते, नाव लावलं की मानूस आपली ओळ पाह्यते. शेजारची जळून राह्यली तरी पाहत नाही.”

“आणि नाव नाही लावलं तर कोणतीच पाहत नाही, मामा. ती शोभा बघा. नऊ वाजता येते, सगळ्यांच्या आधी जाते. वाटा मात्र पुरता.”

“तिच्या घरी दोन म्हशी हायत.”

“माझ्या घरी सासू आहे. म्हशींपेक्षा जड.”

तुम्ही हसायचात आणि विषय तिथंच सोडायचात. मला ते आवडायचं नाही. भांडण अर्धवट सोडणारा माणूस मला आवडत नाही. एकदाच तुम्ही पुढं बोललात. मी म्हटलं होतं, सारखं वाटायचं तर सारखं राबलं पाहिजे. तुम्ही चिमटा खिशात ठेवलात आणि विचारलंत, “सारखं म्हंजे? गयाची कंबर अन् तुही कंबर सारखी हाय काय?” गयाबाई आमच्यातली सर्वांत मोठी. साठी उलटलेली. मी पुढची कळी धरली, पण त्यामुळं तुमचं बरोबर ठरत नाही.

आता हेही सांगून टाकते, कारण सभेत कोणी सांगितलं नाही. तुम्ही वाटत होतात ते सगळं तुमचं नव्हतं. मामी असताना घरातलं पीठ, डाळ, लोणच्याची बरणी, जे मागेल त्याला तुम्ही उचलून देत होतात. ते पीठ मामींनी दळून आणलेलं असायचं. डाळ त्यांनी भरडलेली. तुम्ही स्वतःचं ताट स्वतः धुवायचात, गावात तेवढ्यानंही तुमचं नाव झालं होतं. पण देण्याआधी एकदाही मामींना विचारलं नाहीत. त्यांच्याकडं मी एकदा विषय काढला, तर म्हणाल्या, “माहं काय वं, मी तं युनियनमधी नाही.” त्यांनी हे हसून म्हटलं होतं, मी अजून हसू शकत नाही. तुमच्या विचारातला हा खड्डा तुम्हाला कधी दिसला नाही, आणि दाखवायला गेले की तुम्ही जगाचा इतिहास सांगत बसायचात.

एवढं झालं तरी सरपंचांचं म्हणणं मी मान्य करणार नाही. म्हणे हक्काच्या भाषेनं माणूस आळशी होतो. मी गावात उघड्या डोळ्यांनी राहते. आळशी माणूस तुमच्या आधीही आळशी होता. तुमच्यामुळं त्याला बोलायला एक वाक्य मिळालं, इतकंच. तुमची शिडी ज्यांनी परत केली नाही ते काही कम्युनिस्ट नव्हते. त्यातला एक तर सरपंचांचा चुलतभाऊ.

आणि गयाबाई? जन्मभर लोकांच्या शेतात निंदायला गेलेली बाई. मालकानं उन्हात थांब म्हटलं की थांबायची, पाणी मागायला लाजायची. शेडनेटवर कंपनीचा माणूस ऐन जेवणाच्या वेळी आला आणि आत्ताच्या आत्ता ओळी दाखवा म्हणाला. आम्ही सगळ्या उठायला लागलो. गयाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “साहेब, बसा. आमचं जेवन होऊ द्या. तुमी बी खा, ठेचा हाय.” तो बसला. त्यानं ठेचा खाल्ला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि जेवण झाल्यावर गयाबाईनं त्याला स्वतःच्या हातानं एकेक कळी उघडून दाखवली, अशी की तो वहीत लिहायचं विसरला. हक्क शिकली म्हणून तिचं काम बिघडलं नाही. हे मी पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही.

मग तो हंगाम आला. माल परत आला. भेसळ.

त्या दिवशी बांधावर आपण नऊ जण बसलो होतो आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं. मी सरळ शोभाला धारेवर धरलं. म्हटलं, ज्याचं लक्ष घड्याळाकडं असतं त्याला कळी शिळी की ताजी काय कळणार. शोभा रडली नाही, भांडलीही नाही. खाली बघत राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण शोभा कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. गयाबाई म्हणाली, “माह्यानं झालं असंन. मले दिसत नाही आजकाल.” दुसरी म्हणाली, माझ्याकडून. एकेक करत सगळ्यांनी अंगावर घेतलं. तुम्ही म्हणालात, “सगळ्याइची चूक. विषय संपला.” मी उठून घरी गेले. मला वाटलं, हेच ते. चूकही वाटून घ्यायची, म्हणजे कोणालाच सुधारायला नको.

पुढच्या हंगामात मी तुमच्याशी लबाडी केली. रोज कोण कोणत्या ओळीत उभं राहतं ते मनात धरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तिथल्या कळ्या तपासायच्या असं ठरवलं. पहिल्याच दिवशी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, मी जाळीचा पडदा बाजूला केला तर आत शोभा होती. तुम्ही आदल्या दिवशी काम केलेल्या ओळीत उकिडवी बसून एकेक फूल उलटं करून बघत होती. बरीचशी खुडून ओटीत टाकत होती.

“तू काऊन आली इतक्या सकाळी?” तिनंच मला विचारलं. जणू मीच चोर.

मग सांगितलं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ताजी कळी आणि शिळी कळी तुम्हाला सारखीच दिसत होती. पिवळा भाग अर्धा आतच राहून जायचा. भेसळ तुमच्या ओळींतली होती, आणि माझ्याखेरीज सगळ्यांना हे माहीत होतं. माल परत आल्यापासून त्या सातजणींनी पाळ्या लावल्या होत्या. दर पहाटे एक जण तुम्ही यायच्या आधी तुमची ओळ साफ करायची, नाहीतर अर्धवट राहिलेली कळी पुन्हा नीट उघडायची. गयाबाईची पाळीही शोभाच करायची, म्हणून तिच्या वाट्याला आठवड्याचे दोन दिवस होते. पहाटे इथं यायची, मग म्हशींचं बघायला घरी जायची, आणि नऊला परत. त्या दोन दिवसांचं मी तिला जे बोलले ते मागं घेतलं आहे. बाकीचे दिवस ती खरंच उशिरा यायची, ते मागं घेतलेलं नाही.

“मला का नाही सांगितलं?”

“तू बोलली असती. तुह्या पोटात राहत नाही.”

“मग त्यांना तरी सांगायचं. बसून राहा म्हणावं, वाटा मिळेल.”

शोभानं माझ्याकडं बघितलं, तसं मूर्खाकडं बघतात. “कामरेड बसून वाटा घेईन काय? काम सोडलं त्या दिवशी भाकर सोडीन तो.”

हे खरं होतं. तुम्हीच तर म्हणायचात, जो राबणार नाही त्यानं खाऊ नये. नेत्रशिबिराची गाडी गावात दोनदा आली. दोन्ही वेळा तुम्ही रांगेतून बाहेर पडून दुसऱ्या कोणाला तरी आत बसवलंत, आणि ते तुम्हाला फार थोर वाटलं. तुमच्या त्या थोरपणासाठी सात बाया पहाटे उठत होत्या.

त्या दिवसापासून मी आठवी झाले. गुरुवार माझा. तुम्हाला कधी कळलं नाही. आणि मी, जिच्या पोटात काही राहत नाही, तिनं हे दोन वर्षं पोटात ठेवलं. तुमच्याशी भांडत राहिले, ओळींच्या नावांवरून, शोभावरून, दिल्लीतल्या सरकारवरून. जे भांडायला हवं होतं त्यावर नाही भांडले. भीती वाटली. तुम्ही चिमटा खाली ठेवाल आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घरची चूल पेटणार नाही, याची.

आता सांगते. तुमचा विचार तुम्ही अर्धाच शिकलात, मामा. दुसऱ्याला त्याच्या गरजेप्रमाणं, आणि स्वतःला मात्र कामाप्रमाणं. गयाच्या कंबरेला तुम्ही सूट दिलीत, स्वतःच्या डोळ्यांना नाही. देणारा हात तुमचा, घेणारा हात नेहमी दुसऱ्याचा. याला समता म्हणत नाहीत. याला मोठेपणा म्हणतात, आणि तो गावातल्या पाटलांकडंही होता. सारखं वाटून घ्यायचं असेल तर एक दिवस आपणही रिकाम्या हातानं पंगतीत बसायला शिकलं पाहिजे. ते तुम्हाला जमलं नाही. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना शेडनेटवर बोलावलं. विलासही आला. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, जागा आठजणींना मिळून दे, नाहीतर मलाही नको.

“ताई, फसशील,” तो म्हणाला. “सगळ्यांचं काम कोणाचंच नसतं. बाबांचं काय झालं बघितलंस ना? माल परत आला.”

“माल तुझ्या बापामुळं परत आला,” मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. मोतीबिंदू, पाळ्या, पहाट. बाया माझ्यावर डोळे वटारत होत्या, तरी सांगितलं. “एकटीचं शेडनेट असतं तर मी तुझ्या बापाला पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं, आणि माझं बरोबरच असतं. त्यानंतरच्या दोन्ही हंगामांत माल पास झाला. तो या आळशी बायांनी केला.”

विलासला तुमच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. फोनवर तुम्ही त्याला सगळं ठीक आहे म्हणत होतात. शेवटी म्हणाला, “एक हंगाम. मग बघू.”

एक तर एक.

मग मी माझं म्हणणं मांडलं. ओळींवर नावं लागतील. दर आठवड्याला एकीनं दुसरीची ओळ उघड तपासायची, चोरून नाही. येण्याची वेळ सातची.

“सात?” शोभा म्हणाली. “कामरेड गेला अन् सायब आला वं माय.”

“म्हशींना सांग.”

सगळ्या हसल्या, गयाबाई हसली नाही. ती उठून उभी राहिली. चिमटा उचलून दाखवला, तो बोटांतून खाली पडला. “मी नाही यंदा. चिमटा धरवत नाही. माह्या जागी दुसरी पाहा.”

“आणि वाटा?”

“वाटा कायचा? काम नाही तं वाटा नाही. कामरेडच म्हने.”

“कामरेड चुकत होता!” मी ओरडले. विलास दचकला. दोन वर्षं अडलेलं होतं, ते असं भलत्याच माणसावर बाहेर पडलं. “चुकत होता तो. तू परागाचे डबे सांभाळ, सावलीत बस, आमच्या कळ्या बघून शिव्या दे. तेही जमेनासं झालं तर घरी बस. वाटा घरी येईल, आणि तो तू घ्यायचा.”

“लोकं म्हनतीन फुकटचं खाते.”

“म्हणू दे. त्यांची सभा परवाच झाली.”

तिनं चप्पल पायात सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. मग म्हणाली, “डबे दे इकडं.”

मी परागाचे डबे उचलून पाठीमागं धरले. “आधी वाट्याचं बोल. डबे असोत नसोत, घेशील ना?”

तिनं माझ्याकडं अशा रागानं पाहिलं की क्षणभर वाटलं, आता ही कायमची जाते. कोणी मधे पडलं नाही.

“हाव,” ती म्हणाली. “घेईन.”